तामशाची टकली : एका महागड्या जेवणाचा प्रकरण अभ्यास

बिल २१,८०६ रुपयांचं झालं, सात माणसं जेवली, आणि घरी पोचल्यावर रात्री अकरा वाजता आईनं पेज आणि खाऱ्या बांगड्याचा तुकडा मागितला. ८३ वर्षांच्या बाईनं दिलेला हा अभिप्राय पुरेसा होता. पण मी म्हापशात करसल्लागार आहे. किनाऱ्यावरच्या चार-पाच लहान हॉटेलांची खाती माझ्याकडे असतात, त्यांची मासळीची बिलं दर महिन्याला माझ्या हाताखालून जातात. दुसऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरणारा माणूस स्वतःचं बिल न वाचता कार्ड देऊन मोकळा झाला, हे मला लागलं. म्हणून प्रकरण पहिल्यापासून मांडतोय. हे हॉटेल माझ्या अशिलांपैकी नव्हे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण सिद्ध करता येणार नाही असंही यात बरंच आहे.

आठ जूनची रात्र

मुलीचं लग्न ठरलं होतं. व्याही, विहीणबाई आणि जावईबापू आंबोलीचा घाट उतरून पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. माणसं कोल्हापूरची, खाण्यातली जाणकार. व्याही आल्या आल्याच म्हणाले, "पाव्हणं, मटण खायाला आमच्याकडं या. मासं मात्र हितंच. आमच्यात येईस्तोवर त्यातली निम्मी चव वाटंतच संपतीया." अशा माणसापुढे सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर ठेवणं बरं दिसणार नाही, असं आम्हा नवरा-बायकोला वाटलं. मुलीनं बार्देशच्या किनाऱ्यावरचं एक नावाजलेलं रेस्टॉरंट बुक केलं.

आता तारीख बघा. रविवार, ८ जून २०२५. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. माशांचा अंडी घालायचा काळ, त्यात दर्या खवळलेला. मालिमच्या धक्क्यावर ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले असतात. गोव्यात राहणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. मे महिन्यातली पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठ्याची, सगळी खरेदी त्यासाठीच तर असते. दुसरी तारीख मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहते. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिलला सुरू होते आणि १४ जूनला संपते. ती उठली की आंध्र-तामिळनाडूकडची मासळी बर्फात घालून इकडे येऊ शकते. पण १ ते १४ जून हा पंधरवडा असा, की दोन्ही किनाऱ्यांवरचे ट्रॉलर एकाच वेळी बांधलेले. आम्ही जेवलो ते नेमके त्याच्या मधोमध.

या दिवसांत ताजं काहीच मिळत नाही असं नव्हे. खाडीतल्या तिसऱ्या, खेकडे, शेवटे, खाजनातल्या मानशीवर (खाडीकाठच्या बांधशेतीच्या झडपेवर) धरलेली सुंगटं, तळ्यात वाढवलेला चणक, लहान होडीवाल्याच्या जाळ्यात लागेल ते. हे सगळं मला ठाऊक होतं. मागवताना त्यातलं एकही नाव माझ्या तोंडून आधी निघालं नाही.

बर्फावरचा मासा

टेबलावर बसतो न बसतो तोच कॅप्टन मासळीचा थाळा घेऊन आला. कुटलेला बर्फ, त्यावर केळीचं पान, पानावर दोन पापलेटं, टायगर प्रॉन्सची ओळ, एक शेवंड, आणि मधोमध लालभडक, हातभर लांब तामसो, म्हणजे रेड स्नॅपर. कडेनं लिंबाच्या फोडी. विहीणबाईंनी मोबाइल काढून व्हिडिओ केला. तो पुढे उपयोगी पडला.

"सर, आज सुबह का है. मालिम जेटी से डायरेक्ट."

मालिमहून, आणि तेही आठ जूनला! मला तिथंच खटकलं आणि तरी मी मान डोलावली.

आई माझ्या डावीकडे बसली होती. ती मूळ मालवणची. तिच्या तोंडात तो तांबोसा. तिनं मला कोपरानं ढोसलं. "डोळो बघ तेचो." मी बघितला. ताज्या माशाचा डोळा फुगीर आणि काचेसारखा नितळ असतो. हा आत बसलेला होता आणि मधोमध दुधाळ. "कल्लो उघडून दाखव म्हणान सांग तेका," आई म्हणाली. मी हळूच म्हटलं, "आई, नंतर." थाळा उचलला गेला, आणि ते नंतर राहूनच गेलं.

मेन्यूत तामशापुढे आकडा नव्हता, "साइजप्रमाणे" एवढंच होतं. तसं असण्यात मला वावगं वाटत नाही. मासळीचा भाव रोज हलतो, छापील दर ठेवला तर एक तर हॉटेल बुडेल नाही तर गिऱ्हाईक. वजनावर विकणं हाच त्यातल्या त्यात सरळ व्यवहार. फक्त त्यासाठी तीन गोष्टी ऑर्डर देतानाच बोलाव्या लागतात: किलोचा दर, या माशाचं वजन, आणि ते वजन कशाचं, अख्ख्या माशाचं की साफ केलेल्या. यातलं एकही वाक्य आमच्या टेबलावर कुणी बोललं नाही. कॅप्टननं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो म्हणाला, "सात जणांना बरोब्बर पुरेल, अर्धा रेशाद, अर्धा बटर गार्लिक," आणि मी म्हटलं, "चालेल."

मी म्हापशाच्या बाजारात असा वागत नाही. तिथं तारल्यांच्या एका वांट्यासाठी नुस्तेकान्नीशी (मासळीवालीशी) पाच मिनिटं वाद घालतो, दोन जास्त टाकायला लावतो, टाकलेल्यांत एक फुटका निघाला तर बदलून घेतो. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा गदारोळ उठला आणि सरकारनं पंधरा दिवस परराज्यांतली मासळी आणायलाच बंदी घातली. त्यानंतर तर "हें खंयचें?" विचारल्याशिवाय आमच्या घरात मासळी शिरलेली नाही. दोनशे रुपयांच्या मासळीला जो प्रश्न विचारतो, तो सहा हजारांच्या मासळीला का विचारला नाही?

कारण समोर सोयरे बसले होते. व्याह्यांसमोर भाव विचारायचा म्हणजे त्यांना वाटणार, मुलीचा बाप चिक्कू आहे. टेबलावरच्या पांढऱ्या नॅपकिनांचा, मेणबत्त्यांचा धाक असतोच. पण खरा धाक सोयऱ्यांचा. अशा हॉटेलांतल्या मोठ्या टेबलांवर बहुतेक वेळा कुणी तरी कुणाचा तरी मान राखत बसलेलं असतं, आणि भाव न लिहिलेला मेन्यू तिथं फार चांगला चालतो. हे हॉटेल ते जाणून करतं की नाही ते मला माहीत नाही.

ताट आणि बिल

पापलेट आणि कोळंबीवर फार शब्द खर्च करत नाही. पापलेटाच्या रव्याचं कवच चांगलं जाड होतं, आतला मासा काट्यापाशी कोमट. टायगर प्रॉन्स जास्त शिजून घट्ट वळले होते आणि दोहोंच्या पाठीत काळा दोरा तसाच. चांगल्या काय होत्या तर तिसऱ्या. सुक्या, भरपूर खोबरं, हिशेबात तिरफळ, ४९५ रुपयांची बशी. जावयांनी दोनदा मागवली. त्या खाडीत हातानं वेचतात, ट्रॉलर बांधलेला असो वा सुटलेला, त्यांना फरक पडत नाही.

तामसो मात्र जवळून बघण्यासारखा होता. लांबट बशीत सहा तुकडे आले, तीन लाल, तीन पांढरे. रेशादच्या तुकड्यावर काटा दाबला तर मसाल्याचा थर पापुद्र्यासारखा अख्खा सुटून आला. खालचं मांस कोरडं, धाग्याधाग्यानं विलग होणारं. चावल्यावर रस न सुटता चोथा उरत होता. बशीत मात्र तांबूस पाणी साचलं होतं. मसाला चोख होता हे कबूल करायला हवं. मिरची, लसूण, विनेगर सगळं जागच्या जागी. त्यामुळेच तर पहिला घास सगळ्यांना बरा वाटला.

आईनं तिचा तुकडा उलटापालटा केला, बशीकडे बघितलं आणि विचारलं, "टकली खंय गेली?" टकली म्हणजे डोकं.

टेबलावर कुणी बोललं नाही. बायकोनं आईच्या ताटात भात वाढला.

बिल दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा लावून वाचलं. तामसो १.८५० किलो, दर ३,२०० रुपये, एकूण ५,९२०. प्रॉन्स सहा नग, प्रत्येकी ६५०. पापलेटं, तिसऱ्या, कढी-भात, सोलकढी, बेबिंका वगैरे धरून खाण्याची बेरीज १८,८८०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, १,८८८. त्या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी, १,०३८ रुपये ४० पैसे. माझा धंदाच हा असल्यामुळे सांगतो: सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे, तो हॉटेलच्याच खिशात जातो, आणि जीएसटी त्याच्यावरही चढतो. म्हणून तो काढला तर नुसते १,८८८ कमी होत नाहीत, १,९८२ होतात.

मासा कोरडा का पडला

मासा फ्रीजरचा असणं हा गुन्हा नव्हे. झटपट गोठवलेला आणि उणे १८ अंशांच्या खाली नीट राखलेला मासा चांगला लागतो. आपली कोळंबी परदेशी जाते ती तशीच. बिघडतं ते सावकाश गोठवण्यानं. हॉटेलाच्या मागच्या खोलीत साधा डीप फ्रीजर असतो, दिवसातून पन्नास वेळा उघडणारा. त्यात दोन किलोचा अख्खा मासा ठेवला की तो तासन्‌तास गोठत राहतो, मांसातल्या पाण्याचे मोठमोठे स्फटिक होतात आणि ते तंतू आतून फोडतात. वितळवताना तेच पाणी बाहेर गळतं. नंतर तव्यावर कितीही लोणी घाला, गेलेलं पाणी परत येत नाही. बशीत साचलेलं तांबूस पाणी आणि तोंडातला चोथा ही एकाच गोष्टीची दोन टोकं.

हॉटेलवाल्याची बाजूही मला ठाऊक आहे. मेअखेर मालक बंदीपूर्वीचा साठा करतो, कारण जूनमध्ये मेन्यू रिकामा दाखवता येत नाही. स्वयंपाक्यांचा पगार बारा महिने, गिऱ्हाईक सहा-सात महिने. खाण्याच्या मालाचा खर्च विक्रीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात बसवायचा, हा या धंद्यातला ढोबळ ठोकताळा, आणि मासळीत तो कधीच नीट बसत नाही. हे सगळं मान्य. "फ्रीजरमधला आहे, पण चांगला आहे," असं कॅप्टन म्हणाला असता तर मी कदाचित तोच मागवला असता. "आज सुबह का" म्हणायची गरज नव्हती.

पत्रव्यवहार

सोमवारी मी हॉटेलच्या व्यवस्थापकाला मेल पाठवला. रागाचा एकही शब्द घातला नाही. आयकर खात्याला उत्तरं लिहून लिहून ती सवय झाली आहे. विचारलं एवढंच: मासा कधी आणि कुठून घेतला, १.८५० किलो हे वजन कशाचं, माशाचं डोकं कुठं गेलं, आणि न विचारता लावलेला सर्व्हिस चार्ज कोणत्या आधारावर. सोबत विहीणबाईंच्या व्हिडिओतलं एक चित्र जोडलं, त्यात तो दुधाळ डोळा स्वच्छ दिसत होता. व्हिडिओ मागताना मुलीकरवी "आठवण म्हणून हवाय" असं सांगितलं. तिथंही खरं बोललो नाही.

चौथ्या दिवशी व्यवस्थापकाचा फोन आला. माणूस गोव्याचाच, कोकणीत बोलला, आणि मला अपेक्षित होता त्यापेक्षा बराच सरळ निघाला. सर्व्हिस चार्जवर त्यानं वादच घातला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात लावता येत नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या. त्याला हे माहीत होतं. १,९८२ रुपये आठवड्याभरात कार्डावर परत आले. ज्यांनी विचारलं नाही त्यांच्याकडून तो त्या महिन्यातही घेतला गेला असणार, असा माझा समज आहे.

मासा पुरवठादाराकडून मेच्या शेवटच्या आठवड्यात घेतलेला, हे त्यानं मान्य केलं. कॅप्टन नवा आहे, बोलण्याच्या भरात बोलला. वजन अख्ख्या, कच्च्या माशाचं. किचनच्या चिठ्ठीवर १.८५० लिहिलेलं आहे, तिचा फोटोही पाठवला. मग मी पुन्हा विचारलं, "आणि तकली?"

तो जरा थांबला. "सर, गिरायकांक तकली नाका आसता. ती स्टाफाच्या हुमणांत वता." हुमण म्हणजे माशाची आमटी.

मला मनापासून हसू आलं. त्या रात्री त्या हॉटेलात सगळ्यांत चांगलं जेवण बहुतेक किचनच्या मागच्या बाजूला, स्टीलच्या ताटांत झालं असणार. आणि त्या मुलांच्या तोंडचं हुमण काढावं असं मला अजिबात वाटत नाही. पण मालवणात काय, गोव्यात काय, मोठ्या माशाचं डोकं म्हणजे टाकाऊ माल नव्हे. कढीला चव त्याचीच. बाजारात मासा कापणारी बाई डोकं न विचारता पिशवीत घालते, कारण काट्यावर ते तुमच्या पैशानं तोललं गेलेलं असतं. इथं ते ३,२०० रुपये किलोनं आम्ही विकत घेतलं आणि पगाराच्या जेवणात मालकानं वाटलं.

त्यानं आम्हा सर्वांना एका रात्रीचं मोफत जेवण देऊ केलं. नको म्हटलं. पर्वरीला उत्तर गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. तिकडे गेलो नाही. सर्व्हिस चार्ज मिळाला होता, आणि बाकीचा पुरावा आठ जूनलाच आमच्या पोटात गेला होता.

वजनकाटा

एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. १.८५० किलोच्या माशाचे तुकडे सहाच कसे?

बंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये म्हापशाच्या बाजारातून बरोबर १.८०० किलोचा तामसो आणला, ७०० रुपये किलोनं, म्हणजे १,२६० रुपयांना. कापून घेतला, पण खवले-आतड्यांसकट सगळं पिशवीत मागितलं; कापणाऱ्या बाईनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती सांगत नाही. घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक तोललं. खवले, कल्ले, आतडी मिळून २१० ग्रॅम. डोकं ४४०. राहिला १,१५० ग्रॅम, त्याच्या शेपटीसकट नऊ खापी, हॉटेलातल्या तुकड्यांहून जराशा जाडच. शिजल्यावर पाणी जाऊन वजन घटतं, खापींची संख्या घटत नाही.

नऊ आणि सहा. मधल्या तीन कुठं गेल्या? शक्यता अनेक आहेत. चिठ्ठीवरचा मासा आणि थाळ्यातला मासा वेगळा असेल. हॉटेलात शेपटीकडचा भाग वाढत नसतील. किंवा स्टाफाचं हुमण मी समजतो त्याहून दाट असेल. यातलं मी काहीच सिद्ध करू शकत नाही, आणि ऑर्डर देताना "वजन दाखवा, डोकं कढीत घाला, शेपटीसकट आणा" असं म्हटलं असतं तर सिद्ध करायची वेळही आली नसती. एक हिशेब मात्र पक्का आहे. ४४० ग्रॅम गुणिले ३,२०० म्हणजे १,४०८ रुपये. जूनचा भाव चढा असतो, हॉटेलला भाडं आहे, वीज आहे, हे सगळं मी आधीच मान्य केलंय. तरीही बाजारातला माझा अख्खा मासा त्यांच्या माशाच्या डोक्यापेक्षा स्वस्त पडला.

आईनं त्या डोक्याचं सार केलं आणि काटा पुसून ठेवायला लावला.

त्याच संध्याकाळी लग्नाच्या तारखेसंबंधी व्याह्यांचा फोन आला. बोलता बोलता मी हा सगळा प्रयोग सांगून टाकला. म्हटलं, आता सोयरीक पक्की झालीय, लपवायचं काय. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते मोठ्यानं हसले.

"आवो पाव्हणं, मी तवाच बघितलं हुतं! म्हटलं मुंडी कुठाय? आमच्याकडं खाटकानं मुंडी ठिवून घेतली असती तर म्या दुकानातनं हाललो नसतो. पर म्हटलं तुमचा मान हाय, तुमी पैसं देणार, आपण कसं विचारायचं?"